चाळीसची रेषा

“मॅडम, हे शमबीज इतकं गुणाचं आहे, तर तुम्ही स्वतः घ्याल का?”

सभागृहात सगळ्या माना वळल्या. प्रश्न विचारून शाल्मली कोरे तशीच उभी राहिली. मान ताठ, हात मागे. वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आल्यापासून ही मुलगी कुणाला ऐकत नसे. सहा महिन्यांपूर्वी मात्र हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही ती मान खाली घालायची.

शेजारी केतकीने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला होता. पैज तबस्सुमची होती. सांगली सोडून बस मिरजेच्या रस्त्याला लागली तेव्हाच ती म्हणाली होती, “विचारून दाखव. नाहीतर उद्यापासून तुला भाषणसम्राज्ञी म्हणायचं बंद.” आता तीच खुर्चीत खाली घसरून कुजबुजत होती, “या अल्ला, खरंच विचारलं हिने!”

व्यासपीठावरच्या डॉक्टर नलिनी आरवाडे रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. त्यांनी डाव्या कानामागचे केस बाजूला केले. तिथे मसुरीच्या डाळीएवढा उंचवटा होता.

“घेतलंय. पहिलं बीज माझंच. तीन वर्षं होत आली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल्मलीही टाळ्या वाजवत खाली बसली. तिला फार बरं वाटलं. बाकीच्या मुलांसाठी मिरजेबाहेरच्या माळावरचं हे इच्छाविज्ञान केंद्र म्हणजे शाळेची सहल होती. तिच्यासाठी नव्हती. सोमवारी सकाळी दहा वाजता तिच्याच कानामागे व्यसन शमवणारं हे बीज बसणार होतं. हे केतकी आणि तबस्सुम सोडून वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण होतं अखंडकथा.

कर्णिका कानात घातली की अखंडकथा सुरू होई. ती कुणी लिहिलेली नव्हती. ऐकणाऱ्याची नाडी, श्वास, घशातला आवंढा, सगळं टिपत ती त्या क्षणी तयार होत जाई आणि कधीच संपत नसे. शाल्मलीच्या कथेत शाल्मली नावाचीच मुलगी समुद्राखालच्या नगरीची सेनापती होती. सुरुवातीला ऐकताना अंगावर काटा यायचा. मग अर्धा तास, मग चार तास, मग आंघोळ करताना, जेवताना, गणिताच्या पेपरात केसांआड लपवून. आई कर्णिका काढून घ्यायची आणि शाल्मली दुसरी पैदा करायची. एकदा तिने आईला देवासमोर हात ठेवून खोटं सांगितलं होतं. ते आठवलं की ती अजून देवघराकडे बघायचं टाळे.

“प्रश्न विचारणारी मुलगी वर ये,” डॉक्टर म्हणाल्या.

व्यासपीठावर एक हलकं कडं होतं, डोक्यावर ठेवायचं. समोरच्या तबकडीवर दोन काटे, एक हिरवा, एक लाल. शाळेच्या समुपदेशक मंगल ऐवळे पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुलं त्यांना ऐवळेताई म्हणत. त्या उठून शाल्मलीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“याला आम्ही ओढमापक म्हणतो,” कडं तिच्या डोक्यावर ठेवत डॉक्टर म्हणाल्या. “हिरवा काटा आवड दाखवतो, लाल काटा ओढ. शाल्मली ना तू, सोमवारच्या यादीतली? कर्णिकेचा विचार कर.” आता सगळ्या वर्गालाच कळलं.

लाल काटा सरसर वर गेला. अठ्ठ्याऐंशी. हिरवा जेमतेम हलला. अकरा.

“मॅडम, काटा बिघडलाय,” शाल्मली म्हणाली. “मला आवडते ना कथा!”

“शेवटची कधी आवडली होती?”

शाल्मली आठवू लागली. तिला आठवेना. गेल्या कित्येक आठवड्यांत सेनापतीला एकही लढाई जिंकता आली नव्हती. नुसतं आता होईल, आता होईल.

“सगळ्यांचा हाच समज असतो,” डॉक्टर म्हणाल्या. “मेंदूत आवडीची वाट वेगळी, ओढीची वेगळी. गोड रोज ठरल्या वेळी मिळालं तर माणूस कंटाळतो. कधी मिळतं, कधी हुकतं असं झालं की ओढीची वाट रुंद होत जाते, आणि आवडीची वाट गवतात बुजून जाते. व्यसन म्हणजे हेच. नको असलेलं हवं असणं.”

“बरोबर,” ऐवळेताई म्हणाल्या. “म्हणून मी मुलांना त्या वाटेवर उभं राहायला शिकवते. ओढ ही दुधाच्या उकळीसारखी असते. वर येते, पंधरा-वीस मिनिटांत बसते. ती कधी आली, त्याआधी काय झालं होतं, घरी भांडण की पेपरात कमी मार्क, हे वहीत लिहायचं. तेवढा वेळ निघाला की निघाला.”

“किती दिवसांत गुण येतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुणाला महिना, कुणाला वर्ष.”

“ही किती वेळा आली तुमच्याकडे?”

“आठ गुरुवार.”

“आणि किती वेळा घसरली?”

“सहा वेळा,” शाल्मली स्वतःच म्हणाली. ती लाल झाली होती.

“आणि सहाही वेळा आपण होऊन सांगायला आली,” ऐवळेताई म्हणाल्या. “ते कुठल्या काट्यावर दिसतं, डॉक्टर?”

डॉक्टरांनी खिशातून एक कार्ड काढून पाहिलं आणि पुढचा मुद्दा घेतला. “शमबीज दहा मिनिटांत काम सुरू करतं. प्रत्येक ओढीचा दहावा भाग तेवढा शिल्लक ठेवतं.”

“प्रत्येक?” ऐवळेताईंनी विचारलं. “फक्त कथेची नाही?”

“वाट एकच आहे. कथेची ओढ आणि कबड्डीची ओढ त्याच वाटेने येतात. वाट अरुंद केली की सगळ्यांनाच अरुंद होते. पण सवयी राहतात. मुलं सांगितलं की जेवतात, सांगितलं की अभ्यास करतात.”

मागच्या रांगेतल्या एका सरांनी मान डोलावली. त्यांना हे फारच पटलेलं दिसलं.

“आणि काढायचं झालं तर?” ऐवळेताईंनी विचारलं.

“काढता येतं. पण ज्याचं त्यानेच मागायला हवं. आपल्याकडे वडीलधारे मुलांच्या वतीने सगळं ठरवून मोकळे होतात. ते इथे चालू नये म्हणून नीतिसमितीने नियम केला. मागणाऱ्याच्या डोक्यावर ओढमापक ठेवायचा. ‘मला हे काढून हवं’ ही त्याची ओढ चाळीसच्या वर गेली तरच काढण्याचं यंत्र सुरू होतं. इथल्या प्रत्येक सहीलाही हीच रेषा लागू आहे. म्हणजे कुणी कुणावर दबाव आणू शकत नाही.”

“आजवर किती जणांनी काढून मागितलं?”

“दोनशे बारा जणांपैकी एकानेही नाही.”

पुन्हा टाळ्या झाल्या. ऐवळेताईंनी मात्र हात खिशातच ठेवले.

मधल्या सुट्टीत मुलं चहा-बिस्किटांवर तुटून पडली. शाल्मली मैत्रिणींबरोबर व्हरांड्यात आली, तर कोपऱ्यातल्या बाकावर वैदेही चौगुले! एक वर्ष पुढची, शाळेच्या कबड्डी संघाची कर्णधार. चढाईला निघाली की समोरच्या संघातल्या मुली नुसत्या तिच्या आरोळीने मागे सरायच्या. तिला खेळपटाचं, म्हणजे पडद्यावरच्या खेळांचं, व्यसन लागलं होतं. गेल्या दिवाळीत तिने बीज घेतलं आणि आज ती केंद्राची ‘यशस्वी विद्यार्थिनी’ म्हणून आली होती.

“वैदेहीताई! ओळखलंस का?” शाल्मली धावत गेली. “सोमवारी माझाही नंबर आहे. दुखतं का गं?”

“नाही.”

“आणि खेळपट?”

“सुटला.”

“बघ!” शाल्मली मैत्रिणींकडे वळून म्हणाली. “म्हटलं नव्हतं?”

तबस्सुम वैदेहीच्या हाताकडे बघत होती. हातात चहाचा कप होता. चहावर जाड साय धरली होती. बहुतेक सकाळपासून तो कप तसाच होता.

“ताई, चहा पी की,” तबस्सुम हळूच म्हणाली.

वैदेहीने लगेच कप तोंडाला लावला आणि सायीसकट तो गार चहा एका दमात संपवला. तोंड वेडंवाकडं झालं नाही. रिकामा कप तिने पुन्हा होता तसाच धरून ठेवला.

“कबड्डी कशी चाललीय?” शाल्मलीने विचारलं. तिचा आवाज आता खाली आला होता.

“कुणी सांगितलं की जाते.”

“तुला जावंसं वाटत नाही?”

वैदेहीने यावर खरोखर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. काहीच नव्हतं. “घरी सगळे खूश आहेत,” ती म्हणाली. “आई म्हणते, किती शहाणी झाली पोर.”

केतकीने शाल्मलीचं कोपर धरून तिला बाजूला ओढलं. “चल गं इथून. मला भीती वाटतेय.”

शाल्मलीला भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी होत होतं. तिच्या डोक्यात आकडे फिरत होते. गणितात ती बरी होती, कथा कानात नसली की. ओढमापकाचा काटा शंभरापर्यंतच जातो. बीज दहावा भाग ठेवतं. शंभराचा दहावा भाग दहा. आणि रेषा चाळीसची.

“केतकी,” ती म्हणाली, “वैदेहीने जीव तोडून म्हटलं की मला हे काढून हवंय, अगदी शंभर टक्के जीव तोडून, तर काटा कितीवर जाईल?”

“दहा,” केतकी म्हणाली. मग तिने रुमाल तोंडावर धरला. या वेळी हसू दाबायला नाही.

“दोनशे बारा जणांत एकानेही मागितलं नाही,” तबस्सुम पुटपुटली. “मागून मिळालंच नसतं की.”

“तबस्सुम, ऐवळेताईंना शोध. मी आलेच.”

डॉक्टर आरवाडे त्यांच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. खोली स्वच्छ होती. भिंतीवर एकही चित्र नव्हतं, टेबलावर एकही उघडं पुस्तक नव्हतं. शाल्मली दार न वाजवताच आत शिरली आणि धापा टाकत तिने सगळं गणित मांडलं. शंभर, दहावा भाग, चाळीस. बोलताना तिला वाटत होतं की आता या ओरडतील, आता म्हणतील, मुली, तुझ्या वयाला हे कळायचं नाही. तिला मनापासून वाटत होतं की त्यांनी तसं म्हणावं.

“तुझं गणित बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“म्हणजे?”

“चाळीसची रेषा आम्ही बीज न घेतलेल्या माणसांवर मोजून ठरवली. तेव्हा बीज घेतलेलं कुणी नव्हतंच. बीज घेतल्यावर माणूस कधीच चाळीसला पोचणार नाही. ही चूक आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं.”

“मग बदलली का नाही?” शाल्मली ओरडली.

डॉक्टरांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. वैदेहीने पाहिलं होतं अगदी तसंच. “बदलायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “पण बदलावीशी वाटली नाही.”

यांना सगळं कळत होतं. कळण्यात काही कमी नव्हतं.

“मग मी सांगते! आता बदला. तुम्ही सांगितलं की करता ना?”

“रेषा बदलायला समितीच्या पाच सह्या लागतात. सही करतानाही ओढ चाळीसच्या वर लागते. आणि आम्ही पाचही जणांनी बीज घेतलंय.”

“पाचही जणांनी? का?”

“आमचा दुसरा नियम. जे दुसऱ्याला द्यायचं ते आधी स्वतः घ्यायचं. पूर्वी संशोधक गरिबांवर, कैद्यांवर प्रयोग करायचे. आम्हाला तसं व्हायचं नव्हतं. म्हणून जो संमतीवर सही करेल, त्याने सही झाली की लगेच, दुसऱ्याच्या आधी, स्वतः बीज घ्यायचं.” डॉक्टरांनी खिशातलं कार्ड काढलं. त्यावर बारीक अक्षरात दिवसभराच्या वेळा लिहिल्या होत्या. “साडेबाराला मला इंजेक्शन विभागात जायचंय.”

“हे कोण लिहून देतं तुम्हाला?”

“मीच. बीज घेण्याच्या आदल्या दिवशी तीन वर्षांचं वेळापत्रक लिहून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात संपतं.”

“आणि मग?”

“मग काही लिहिलेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या आणि उठल्या.

शाल्मली दारातून बाजूला झाली, आणि तेव्हा तिला तो नियम मनात दुसऱ्यांदा ऐकू आला. जो संमतीवर सही करेल त्याने. शाल्मली अजून सोळाचीही नव्हती. सोमवारच्या कागदावर तिच्या सहीबरोबर आई-बाबांच्या सह्या लागणार होत्या. त्यांना आज अकरा वाजता बोलावलं होतं, याच केंद्रात, मागच्या इमारतीत.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते.

ती धावली. व्हरांडा, बिस्किटांचे पुडे, ओरडणारे सर, सगळं मागे टाकून धावली. तबस्सुम आणि ऐवळेताई जिन्यापाशी भेटल्या. तिने नुसतं “आई!” म्हटलं, तशा त्याही मागून पळत आल्या.

मागच्या इमारतीच्या ओसरीत आई आणि बाबा बाकावर शेजारी शेजारी बसले होते. दोघांच्याही कानामागे पांढरी चिकटपट्टी होती.

“आई!”

“आलीस?” आई म्हणाली.

एवढंच. केस का विस्कटलेत, धावत का आलीस, डबा खाल्लास का, काही नाही. शाल्मलीची आई गप्प बसल्याचं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ताप आला तरी ती अंथरुणातून सगळ्यांना रागवत असे.

“तुम्ही का घेतलंत? मला का नाही सांगितलं?”

“तुला भीती वाटू नये म्हणून,” बाबा म्हणाले. “लहानपणी तुझं कडू औषध आई आधी चाखायची. तसंच, म्हटलं, आधी आपण घेऊ.” सकाळी हे वाक्य बोलताना त्यांचे डोळे भरून आले असणार. आता ते बसच्या वेळा सांगावेत तसं सांगत होते.

“आई, मी सोमवारी बीज घेतलं नाही तर?”

“बरं.”

“मी दहावीला बसलेच नाही तर?”

“बरं.”

ऐवळेताईंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शाल्मलीच्या घशाखाली, अगदी आतून, एक ओळखीची खाज उठली. आत्ता. या क्षणी. कर्णिका कानात घातली असती तर समुद्राखालची नगरी असती, आणि तिथे आई-बाबा असे बसलेले नसते. स्वतःला कळायच्या आत ती बोलून गेली, “आई, सकाळी काढून घेतलीस ती कर्णिका दे.”

ही तीच आई होती, जिने मागे एकदा कर्णिका पिठाच्या डब्यात पुरून ठेवली होती आणि तीन दिवस अबोला धरला होता. तिने पर्स उघडली. कर्णिका काढली. शाल्मलीच्या तळहातावर ठेवली आणि पर्स बंद केली.

कर्णिका गरम होती, पर्समध्ये राहून. तबस्सुम रडायला लागली. शाल्मली हातातल्या वस्तूकडे बघत राहिली. तिला कळलं की आता तिला अडवणारं कुणीही उरलेलं नाही. आज नाही, उद्या नाही, परीक्षेच्या दिवशी नाही. घरात दार बंद करून महिनाभर ऐकत बसली तरी बाहेरून कुणी दार वाजवणार नाही. इतकी मोकळीक तिने कथेतही मागितली नव्हती. आणि तिला ती हवी होती. ओढमापक लावला असता तर लाल काटा शंभरावर जाऊन थरथरला असता.

पण त्याच वेळी तिला आई हवी होती. ओरडणारी, भांडणारी, अबोला धरणारी आई. तीही शंभरावर. आणि या ओसरीतल्या बाकावर बसलेल्यांत कुणालाच काही हवं नव्हतं. हवं असणारी आता ती एकटी होती.

तिने मूठ मिटली. मग आई-बाबांच्या समोर जमिनीवरच बसली, म्हणजे त्यांना तिच्याकडे बघावं लागेल, आणि स्पर्धेत बोलायची तसं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलायला लागली. मधूनमधून आवाज फाटत होता.

“आई, बाबा, ऐका. मी सोमवारी सही करणार नाही. ही कर्णिका मी ऐवळेताईंकडे देतेय. तुमच्याकडे नाही, कारण मी मागितली की तुम्ही परत द्याल, आणि मी मागणार आहे. आज संध्याकाळीच मागीन. दर गुरुवारी नाही, आता रोज मी ताईंकडे जाणार. घसरले तर सातव्यांदा सांगायला जाणार, आठव्यांदा जाणार. आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर यायचंय. तुम्हाला यावंसं वाटणार नाही, ते मला माहीत आहे. तरी मी सांगतेय म्हणून यायचं. ही रेषा ज्यांच्या कानामागे बीज नाही अशा कुणालातरी बदलायला लावेपर्यंत, तुमच्या वाटचं हवंसं वाटणंसुद्धा मीच करणार आहे. उठा आता. बाबा, चपला घाला. आई, माझा हात धर. घट्ट धर, मी सांगते म्हणून.”